१० हजार पौंडांत टप उघडणारी, चालवायला मजा येईल अशी गाडी कोणती घ्यावी?

डोंगरवाट (धागाकर्ता)
मंडळी, मुक्काम डर्बी, इंग्लंड. घरात पाच दारांची एक हॅचबॅक आहे. ऑफिस, आठवड्याचा बाजार, लेकीला युनिव्हर्सिटीत सोडणं-आणणं, सगळं तीच करते आणि पुढेही करेल. आता दुसरी गाडी बघतोय ती फक्त चालवण्याच्या आनंदासाठी. पीक डिस्ट्रिक्ट घरापासून अर्ध्या तासावर आहे. रविवारी सकाळी लवकर निघायचं, टप उघडायचा, दोन-तीन घाट मारून जेवायला घरी यायचं, एवढीच हौस.

अटी अशा: गाडी, पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स आणि लगेच करावी लागणारी कामं मिळून १० हजार पौंडांच्या वर जायचं नाही. गिअर हाताने टाकायचे. ताकद मागच्या चाकांना जायला हवी. दोनच सीट चालतील. माझी उंची सहा फूट एक इंच. घराला गॅरेज नाही, गाडी बारा महिने घरासमोर रस्त्यावर उभी राहणार.

डोक्यात असलेल्या गाड्या: माझदा एमएक्स-५ (मार्क ३ किंवा ४, म्हणजे तिसरी किंवा चौथी पिढी), पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड४, टोयोटा एमआर२ रोडस्टर, होंडा एस२०००. यातली कुठली घ्यावी आणि कुणाच्या वाटेला जाऊ नये? ज्यांनी स्वतः वापरल्यात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वाटाड्या
एमएक्स-५. धागा बंद करायला हरकत नाही. 😄

पेठेतला प्रवासी
ॲव्हरेज किती देते?

वाटाड्या
पुण्याहून पहिला प्रतिसाद आला आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्नही आला. मार्क ४ चं १.५ लिटरवालं इंजिन लिटरला १५-१६ किलोमीटर आरामात देतं. झालं समाधान?

गिअरबदलू
वाटाड्याने एका शब्दात आटोपलं, मी जरा फोड करून सांगतो.

सरळ रस्त्यावर पाठ सीटला चिकटण्याची मजा वेगळी आणि वळणांच्या रस्त्यावर गाडी हातात खेळवण्याची वेगळी. तुम्हाला यातली कुठली हवी ते आधी ठरवा. तुमच्याकडच्या डोंगरी रस्त्यांवर वेगमर्यादा ६० मैलांची, बऱ्याच पट्ट्यांत ५० ची. मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा कॅट अँड फिडलचा रस्ता तर सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांखाली आहे. ३०० हॉर्सपॉवरची गाडी तिथे दुसऱ्या गिअरमध्येच मर्यादा ओलांडते. मग तिसरा कधी टाकणार? मार्क ४ चं छोटं इंजिन १३१ हॉर्सपॉवरचं. आकडा ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. पण गाडी जेमतेम टनभर वजनाची, त्यामुळे इंजिन पार वरपर्यंत पिळा, ब्रेक मारा, गिअर खाली आणा, वळण घ्या, पुन्हा पिळा. हे सगळं लायसन्स शाबूत ठेवून करता येतं.

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा छोट्या, हलक्या, उघड्या दोन सीटच्या गाड्या जवळजवळ संपल्या होत्या. माझदाने जुन्या ब्रिटिश रोडस्टरची कल्पना उचलली आणि जपानी काटेकोरपणे बांधली. इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवलं. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने जोडून टाकले. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी लगेच उत्तर देते आणि गिअरचा दांडा नुसत्या मनगटाने जागेवर पडतो, त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. इतक्या गाड्या आहेत म्हणून सुटे भाग स्वस्त मिळतात आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नाही.

उंचीबद्दल एक सूचना. मार्क ४ मध्ये स्टिअरिंग पुढे-मागे ओढायची सोय २०१८ च्या फेरबदलात आली. त्याआधीच्या गाड्यांत ते फक्त वर-खाली होतं. तुमच्या बजेटमध्ये त्याआधीच्याच गाड्या येणार, तेव्हा बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्टुटगार्टकर
हलकेपणाचं कौतुक मान्य. पण डोंगरवाट, तुम्ही बॉक्स्टर एकदा चालवाच. सहा सिलिंडरचं आडवं इंजिन तुमच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे असतं. वळणात गाडी तुमच्या कमरेभोवती फिरते. ४ हजार आरपीएमच्या पुढे जो आवाज लागतो तो चार सिलिंडरवाल्या कुठल्याही इंजिनाने काढून दाखवावा. शिवाय डिक्की दोन, एक पुढे आणि एक मागे. बायको आणि दोन बॅगा घेऊन आम्ही श्वार्झवाल्डच्या बी५०० रस्त्याने कितीतरी वेळा फ्रॉयडेनश्टाटला गेलोय.

आता जे लपवायचं नाही ते. जुन्या बॉक्स्टरच्या इंजिनात एक मधला शाफ्ट असतो. त्याचं बेअरिंग गेलं की इंजिन संपतं. सगळ्या गाड्यांचं जातं असं मुळीच नाही, पण गेलं तर गाडीच्या किमतीएवढा खर्च. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नवं आलं आणि त्यात तो शाफ्टच नाही. जमलं तर तीच बघा.

आमच्याकडे जर्मनीत आणखी एक सोय आहे. नंबरप्लेटवरच महिने लिहून घेता येतात, समजा ०४ ते १०. मग टॅक्स आणि इन्शुरन्स तेवढ्याच महिन्यांचा. हिवाळ्यात गाडी गॅरेजात पांघरूण घेऊन झोपते.

डोंगरवाट
@स्टुटगार्टकर, ही सोय इथे असती तर काय हवं होतं! इथे गाडी रस्त्यावर चालवणार नाही असं सरकारला कळवून टॅक्स थांबवता येतो, पण मग ती सार्वजनिक रस्त्यावर उभी करणंही बेकायदा. माझ्याकडे खासगी जागाच नाही, म्हणजे जानेवारीच्या चिखलातही टॅक्स भरणं आलं. तेव्हा गाडी बारा महिने चालवण्यासारखी हवी.

@गिअरबदलू, स्टिअरिंगचं अजिबात माहीत नव्हतं, आभार.

चक्रधर सॅन होजे
इकडच्या फोरमवर तर 'प्रश्न कुठलाही असो, उत्तर मियाटा' हा ठरलेला विनोद आहे. एमएक्स-५ ला इथे मियाटा म्हणतात. तरी मी वेगळा सूर लावतो. एस२०००!

१९९९ साली होंडाने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने काढलेली गाडी. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही काही नाही, आणि २४० हॉर्सपॉवर. लाल रेषा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा, ९ हजार आरपीएमवर. ६ हजारांपर्यंत शहाण्या बाळासारखी चालते आणि तिथे कॅम बदलला की अंगावर काटा येतो. माझी २००६ ची आहे, अमेरिकेत २.२ लिटर दिलं म्हणून रेषा ८ हजारांवर आली. युरोपात शेवटपर्यंत २.० च राहिलं, म्हणजे तुम्ही नशीबवान. गिअरबॉक्सबद्दल लिहायला बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल. शनिवारी पहाटे हायवे ९ ने साराटोगाहून वर चढायचं आणि स्कायलाइनवर डावीकडे वळायचं. झाडांतून कोवळं ऊन येत असतं, खाली दरीत धुकं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये त्या इंजिनाचा आवाज. यापेक्षा चांगली सकाळ मला माहीत नाही.

वाटाड्या
चक्रधर, वर्णन वाचून मीच उठून उभा राहिलो. पण १० हजार पौंडांत इथे आता चांगली एस२००० मिळत नाही. मिळाली तर ती कुठे आपटलेली तरी असते किंवा खालून कुजलेली. २००९ मध्ये बनायची बंद झाली आणि तेव्हापासून भाव चढतोच आहे.

चक्रधर सॅन होजे
इथेही तेच. मी घेतली तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता पेट्रोल भरताना लोक विकतोस का म्हणून विचारतात.

निशिगंध
एक वेगळा विचार. मिनीची किंवा ऑडी ए३ ची टप उघडणारी गाडी का नको? मागे दोन सीट मिळतात, लेक सुट्टीत आली की तिलाही नेता येईल. नुसती दोन माणसांची गाडी म्हणजे पैसे अडकवून ठेवणं वाटतं मला.

गिअरबदलू
निशिगंध, गाड्या चांगल्याच आहेत, फक्त त्यांचा जन्म वेगळा आहे. छप्पर हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. चार सीटच्या बंद गाडीचं छप्पर काढलं की सांगाडा पिळवटायला लागतो, मग खाली पट्ट्या आणि गर्डर जोडून तो कडक करावा लागतो आणि वजन वाढतं. खराब रस्त्यावर पुढची काच आणि आरसा थरथरतो तो त्यामुळेच. एमएक्स-५, एस२०००, बॉक्स्टर या पहिल्या दिवसापासून उघड्या गाड्या म्हणूनच आखलेल्या आहेत. शिवाय मिनी आणि ए३ पुढची चाकं ओढतात, धागाकर्त्याला मागची हवी आहेत.

निशिगंध
वजनाचं पटलं. पण माझा मुद्दा कायम आहे. आमच्या मिनीत आम्ही चौघं टप उघडून कॉर्नवॉलला गेलो होतो, मुलं अजून त्याबद्दल बोलतात. मजा फक्त चालवणाऱ्यालाच यावी असं कुठे लिहिलंय?

अबोली
निशिगंधला अर्धं अनुमोदन. शेजारच्या सीटवरच्या माणसाचाही विचार करा. 🙂

मी लेस्टरला असते. आमच्याकडे मार्क ३ आहे, घडीच्या धातूच्या छपराची. बटण दाबलं की १२-१३ सेकंदांत छप्पर सीटमागे जातं आणि डिक्कीची जागा अजिबात खात नाही. मी ती बारा महिने चालवते. लोकांना वाटतं टप फक्त जुलैत उघडायचा. खरी मजा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या थंडीत आहे. काचा वर, हीटर पायांवर, कानटोपी आणि मफलर. पाय उबदार आणि नाकाला गार वारा. उन्हाळ्यात भर दुपारी मात्र डोकं तापतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन हवंच. टोपी घट्ट बसणारी घ्या, एकदा मोटरवेवर गेली की परत मिळत नाही. दोन सीटच्या मागे जी छोटी वारा अडवणारी जाळी येते ती गाडीबरोबर आहे का ते बघून घ्या, तिने मानेवरचा झोत एकदम कमी होतो.

गेल्या वर्षी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या. चार्नवुड फॉरेस्टच्या बाजूने नेलं. पहिली दहा मिनिटं दाराची कड धरून 'सावकाश गं', आणि घर जवळ आल्यावर म्हणाल्या, 'इतक्यात आलो? घे अजून एक वळसा.' नंतर रोज संध्याकाळी तयार होऊन दारात उभ्या.

पेठेतला प्रवासी
सासूबाईंना साष्टांग नमस्कार. 🙏

आमच्याकडची परिस्थिती सांगतो. माझदा भारतात विकतच नाही. झेड४ आणि मिनी इथे विकल्या गेल्या, पण त्या किमतीत पुण्यात वन बीएचके येतो. टप उघडायची हौस थारच्या कापडी टपावर भागवतो आम्ही. आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या पावसानंतर ताम्हिणीत टप काढून जाण्यात जे सुख आहे ते आहेच. फक्त सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला गाडीत वाकून सगळं इंटिरियर बघतो आणि वर किंमतही विचारतो.

खडूस आजोबा
धागा उशिरा दिसला. मी १९७४ साली डॉक्टरकी करायला या देशात आलो आणि पहिली मोठी खरेदी केली ती वापरलेली एमजीबी. हिरवा रंग, तारांची चाकं, दोन कार्ब्युरेटर. सकाळी चोक किती ओढायचा हे हवा बघून ठरवावं लागे. टपाच्या कड्या हातानेच काढायच्या, कापड घडी करून मागे ठेवायचं. पाऊस आला की सौ. आणि मी दोघं मिळून लावायचो, आणि तो लागेपर्यंत भिजून झालेलं असायचं. १९६२ ते १९८० एवढा काळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती गाडी बनली. आमच्या हॉस्पिटलातल्या निम्म्या शिकाऊ डॉक्टरांकडे एमजी किंवा ट्रायम्फ होती. तरुण माणसाला परवडणारी गाडी होती ती, श्रीमंतांचं खेळणं नव्हतं.

तुम्ही सगळे हॉर्सपॉवर मोजताय. आमच्या गाडीत नव्वदच्या आसपास होती. वेल्समध्ये ब्लॅक माउंटनच्या रस्त्यावर ४० मैलांच्या वेगाने जाताना बाजूच्या शेतातल्या कापलेल्या गवताचा वास यायचा, ओढ्याजवळ हवा गार लागायची, मेंढ्यांचा आवाज यायचा. बंद गाडीत यातलं काहीच कळत नाही. तेव्हा डोंगरवाट, कुठलीही घ्या, पण लवकर घ्या. गुडघे म्हातारे झाल्यावर खालच्या सीटवरून उठणं फार अवघड होतं.

अबोली
आजोबा, किती सुंदर लिहिलंत. त्या गाडीचा फोटो असेल तर टाका ना.

स्टुटगार्टकर
आजोबा, 🙏. नवी एमजी सायबरस्टर बघितलीत का? टप उघडणारी, विजेवर चालणारी.

खडूस आजोबा
बघितली, शोरूममध्ये बसूनही आलो. दारं पंखांसारखी वर उघडतात, माझ्या गुडघ्यांना ते फार सोयीचं आहे! पण वजन दोन टनांच्या आसपास. माझी एमजीबी त्याच्या साधारण निम्मी होती.

पेठेतला प्रवासी
ती आता भारतातही आली आहे, ७५ लाखांच्या आसपास. म्हणजे पुन्हा वन बीएचके.

तपासनीस
धागा भरकटतोय पण छान भरकटतोय. मूळ प्रश्नाकडे येतो. माझं म्हणणं असं की या बजेटमध्ये 'कोणती गाडी' याच्याइतकाच 'कोणाची गाडी' हा प्रश्न मोठा आहे. या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचं इंजिन शाबूत असतं आणि सांगाडा कुजलेला असतो.

पहिलं काम फुकटचं. गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिचा सगळा एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास दिसतो. प्रत्येक वर्षीचे मैल, नापास का झाली, आणि तपासणाऱ्याने दिलेल्या सूचना. मैल कुठल्या वर्षी उलटे फिरलेत का ते बघा. मग सूचना वाचा. 'मागच्या सिलला (दाराखालच्या सांगाड्याच्या पट्टीला) किरकोळ गंज' असं तीन वर्षं ओळीने लिहिलंय आणि चौथ्या वर्षी काहीच नाही, तर मधल्या काळात दुरुस्ती झाली का नुसता काळा थर मारला, हे मालकाला विचारायचं. कामाची पावती असेल तर उत्तम. नसेल तर निघायचं.

मग प्रत्यक्ष गाडी. टॉर्च, गुडघ्याखाली घ्यायला जुनं पोतं आणि फ्रिजला लावतो तो चपटा लोहचुंबक एका मऊ फडक्यात गुंडाळून न्या. एमएक्स-५ मध्ये दारामागे, मागच्या चाकाच्या लगेच पुढे, सिलचं टोक असतं. चुंबक तिथे फिरवायचा. पत्रा असेल तिथे चिकटतो, पुटी भरलेली असेल तिथे घसरतो. बोटांनी खालची कड चाचपा. फुगीर लागली किंवा रंगाखाली खरखर जाणवली, तर आतून कुजायला सुरुवात झालेली असते. मार्क २ असेल तर पुढचे चासीचे गर्डरही खालून बघा. तिथला गंज दुरुस्त करणं महाग पडतं.

हा गंज का होतो तेही समजून घ्या. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांतून नळीने खाली जातं. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत पानांचा चुरा आणि चिखल तिथे साचतो, भोक तुंबतं आणि पाणी सिलमध्ये किंवा गाडीत उतरतं. गवत कापायच्या यंत्रातला जाड नायलॉनचा दोरा हळूहळू आत सरकवून फिरवला की घाण मोकळी होते, मग वरून थोडं पाणी ओतून ते खाली रस्त्यावर पडतंय ना ते बघायचं. तार घालू नका, नळी फाटते. जुन्या कापडी टपाच्या झेड४ ला (२००२ ते २००८ वाली) याहून मोठी अडचण आहे. टप उघडणारी मोटर त्या पाण्याच्या वाटेतच खाली बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते.

टोयोटा एमआर२ बद्दल कुणी बोललं नाही. इंजिन मध्ये, वजन टनभर, चालवायला फार गोड गाडी. पण सामान ठेवायला जागाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्टमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या पहिल्या कॅटलिस्टचा चुरा होऊन इंजिन ऑइल प्यायला लागतं. यादीत एमजी टीएफ नाही ते बरं. तिच्या के-सीरिज इंजिनाचा हेड गॅस्केट जाणं जगजाहीर आहे. ज्यांनी तो नीट सुधारून घेतलाय त्यांच्या गाड्या छान चालतात, पण त्या शोधाव्या लागतात.

गिअरबदलू
तपासनीस, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. 👏

टॅक्सचं एक जोडतो. २३ मार्च २००६ ही तारीख लक्षात ठेवा. त्याआधी नोंदलेल्या गाडीचा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर असला तरी टॅक्स सव्वाचारशेच्या आसपास थांबतो. त्या तारखेपासून पुढे नोंदलेली तशीच गाडी सातशे पौंडांच्या वर जाते. मोठ्या इंजिनाच्या बॉक्स्टर आणि झेड४ घेताना लोक किंमत बघतात आणि हे विसरतात. आणि लंडनला जाणं-येणं असेल तर २०२३ च्या ऑगस्टपासून सगळ्या बरोंमध्ये (शहराच्या प्रशासकीय विभागांत) जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचा साडेबारा पौंडांचा आकार लागू आहे. साधारण २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या त्यातून सुटतात.

डोंगरवाट
एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती, मंडळी. गेले दोन शनिवार-रविवार गाड्या बघण्यात गेले. वृत्तांत देतो.

पहिली मार्क ४, २०१६ ची, १.५. चालवली आणि गिअरबदलू म्हणतात ते तंतोतंत पटलं. एका हाताने बसल्या जागी टप मागे टाकता येतो, गिअर बोटांत बसतो. पण माझा सांधा जुळेना. स्टिअरिंग जवळ येत नाही म्हणून सीट पुढे घ्यावी लागते, मग गुडघे चाकाला घासतात. टप लावल्यावर डोकं कापडाला टेकतं. सीट मागे पाडली तर हात पुरत नाहीत. अर्धा तास खटपट करून, मन घट्ट करून उतरलो.

दुसरी बॉक्स्टर एस, २००७ ची. स्टुटगार्टकर, तुमचा शब्दन् शब्द खरा. बसायला ऐसपैस, आवाज अंगात भिनतो, वळणात असा विश्वास मी कुठल्याच गाडीत अनुभवला नाही. पण किंमतीतच सगळं बजेट संपत होतं, टॅक्स सातशेच्या वर, आणि मागचे टायर बदलायला आले होते. गाडी घेऊन पुढे प्रत्येक आवाजाला दचकत बसायचं नाही, हे घरी आल्यावर ठरलं.

एका विक्रेत्याकडची मार्क ३ बघायला गेलो तर चुंबक सिलवरून सरळ घसरत खाली आला. तपासनीस, तुमचे किती आभार मानू! विक्रेता म्हणाला 'सगळ्याच अशा असतात'. आम्ही नमस्कार करून निघालो.

आणि चौथी. निवृत्त शाळामास्तरांची मार्क ३, २०१० ची, दोन लिटर, धातूच्या घडीच्या छपराची. ५८ हजार मैल, एमओटीच्या नोंदींत चढता क्रम, सिलच्या कामाची दोन वर्षांपूर्वीची पावती आणि काम होत असतानाचे फोटोसुद्धा. छप्पर लावूनही डोक्यावर बोटभर जागा राहते. रस्त्यावर उभ्या गाडीचा टप कुणी चाकूने फाडेल ही धास्तीही नाही. साडेसहा हजारांत सौदा झाला. म्हणजे चार नवे टायर, चाकांची अलाइनमेंट आणि इन्शुरन्स भागून वर पैसे उरतात.

वाटाड्या
हाबिणंदन!! पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. 😄

अबोली
अभिनंदन! आमचीच बहीण आली म्हणायची. छपराचे रबर दर काही महिन्यांनी पुसून त्यांना सिलिकॉनचं वंगण लावत जा, कुरकुर होत नाही आणि गळतही नाही.

गिअरबदलू
उत्तम निवड. २००९ च्या फेरबदलानंतरचं दोन लिटर इंजिन वरच्या आरपीएमला आधीच्यापेक्षा मोकळं आहे. अलाइनमेंट साध्या टायरच्या दुकानात करू नका. चारही चाकांची भूमिती मोजून हवी तशी बसवून देणाऱ्याकडे जा. मार्क ३ ला त्याने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या स्प्रिंग घालूनही पडत नाही.

स्टुटगार्टकर
मनापासून अभिनंदन. बॉक्स्टरला नाही म्हणालात तरी कारणं पटण्यासारखी आहेत. जर्मनीत आलात तर बी५०० वर दोन्ही गाड्या नेऊ आणि अदलाबदल करू.

खडूस आजोबा
शाबास. मी नॉटिंगहॅमला असतो, डर्बीहून फार लांब नाही. उन्हाळ्यात एक फेरी माझ्या नावाने राखून ठेवा. उठायला हात मात्र द्यावा लागेल.

डोंगरवाट
आजोबा, नक्की. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, घ्यायला येतो. पहिल्या रविवारी आम्ही दोघं बेकवेलमार्गे बक्स्टनला जाऊन आलो. स्नेक पास ठेवलाय टायर बदलल्यावर. सौ.ना वारा अडवायची जाळी हवीच आहे, तेव्हा अबोली, तुमची कुठून घेतली ते सांगा.

अबोली
व्यनि केलाय.

राधा_रीडिंग
धागा वाचून मलाही हुरूप आला. बजेट साधारण हेच, पण माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आहे. काय बघू?

तपासनीस
राधा, मार्क ४ मध्ये इथे ऑटोमॅटिक फक्त दोन लिटरबरोबर मिळते, बजेट थोडं ताणावं लागेल. नाहीतर २००९ नंतरची झेड४ बघा, घडीच्या धातूच्या छपराची. गाडी जड आहे, पण लांब पल्ल्याला छान. छप्पर माझ्यासमोर दोनदा पूर्ण उघडून बंद करून दाखवा म्हणायचं, मधे कुठे अडखळलं तर त्या गाडीचा विचार सोडा. आणि आधी नंबर टाकून एमओटी वाचा.